छायाचित्रातील रस्ता

विरार व नालासोपारा या स्थानकांच्या पश्चिमेस, समुद्राच्या काठी राजोडी नावाचे गाव आहे. रविवारी व सुट्टीच्या दिवशी तेथील रस्त्यावर दोन प्रकारची माणसे एकमेकांसमोर येतात. एक, शहरातून समुद्र पाहावयास आलेली. दुसरी, त्याच रस्त्याने रोज जाणारी-येणारी. पहिल्यांच्या हाती कॅमेरा किंवा मोबाइल असतो. दुसऱ्यांच्या हाती पिशवी, टोपली, किंवा नातवाचा हात. मिस्सा आटोपून घरी परतणारी, तांबडे लुगडे नेसलेली एखादी सामवेदी आजी दिसली की पहिल्यांपैकी कोणी तरी थबकतो, "आजी, जरा इकडे बघा" असे म्हणतो, आणि छायाचित्र घेऊन आपल्या वाटेने चालू लागतो. अशी छायाचित्रे आता शेकड्यांनी पाहावयास मिळतात. ती स्पष्ट असतात, रंगतदार असतात. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती त्यांत मोजून घ्यावी. तरीही एक पाहिल्यावर दुसरे पाहण्याची इच्छा राहत नाही, आणि दोन्ही पाहून झाल्यावर कोणती आजी कोणत्या चित्रात होती हे सांगता येत नाही. असे का व्हावे, आणि रस्त्यावर घेतलेले छायाचित्र चांगले म्हणावयाचे ते कोणत्या गुणावरून, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम 'रस्त्यावरचे छायाचित्र' म्हणजे काय हे ठरविले पाहिजे. केवळ रस्त्यावर उभे राहून काढले म्हणून ते रस्त्याचे छायाचित्र होत नाही. एखाद्या माणसास उभा करून त्याचा चेहरा टिपला, तर ते व्यक्तिचित्र झाले. मग तो दिवाणखान्यात उभा असो वा चव्हाट्यावर. मोर्चा, अपघात, पुढाऱ्याची मिरवणूक यांचे चित्र ही बातमी होय. सूर्यास्त, सुरूची झाडे आणि वाळू हे निसर्गदृश्य झाले. रस्त्याचे छायाचित्र या सर्वांहून निराळे आहे, कारण रस्ता हीच वस्तू निराळी आहे. रस्त्यावर जो तो दुसरीकडे जावयास निघालेला असतो. कोणी बाजारास, कोणी गाडीस, कोणी शाळेस, कोणी नुसताच वेळ घालवावयास; परंतु प्रत्येकाच्या पायांत त्याचा स्वतःचा एक हेतू असतो, आणि तो हेतू पाहणाऱ्यास ठाऊक नसतो. घरात माणूस कोणाचा तरी बाप असतो, कचेरीत कोणाचा तरी साहेब किंवा कारकून असतो. रस्त्यावर तो केवळ वाटेने चाललेला असतो. हे चाललेलेपण ज्या चित्रात शिल्लक राहते ते आमच्या मते रस्त्याचे चांगले छायाचित्र, आणि ज्यात ते नाहीसे होते ते, इतर कितीही गुण त्याच्या अंगी असले तरी, त्या जातीचे नव्हे. पुढील सर्व विवेचन या एका विधानाच्या समर्थनार्थ आहे.

या कलेच्या जन्मकाळचीच एक गोष्ट येथे उपयोगी पडेल. १८३८ साली पॅरिस येथे लुई दागेर याने आपल्या खिडकीतून 'बुलेव्हार द्यू तांप्ल' या राजमार्गाचे चित्र घेतले. रस्ता वर्दळीचा होता. परंतु त्या काळच्या पत्र्यावर चित्र उमटावयास काही मिनिटे लागत, आणि जे हलते ते उमटत नसे. गाड्या गेल्या, घोडे गेले, माणसे गेली; त्यांतील कशाचाही माग चित्रात राहिला नाही. राहिला तो एका कोपऱ्यावर पाय पुढे करून उभा असलेला एक मनुष्य, कारण तो जोड्यांस पॉलिश करून घेत होता. छायाचित्रात दिसणारा पहिला माणूस म्हणून त्याचा पुष्कळ ठिकाणी उल्लेख होतो. वस्तुतः तेथे माणसे दोन आहेत. पॉलिश करून घेणाऱ्याबरोबर पॉलिश करणाराही तेथे होताच, आणि त्याची अंधुक आकृतीही पत्र्यावर उतरली आहे. तो हौसेने थांबला नव्हता. ते त्याचे कामच होते. रस्त्याच्या पहिल्या चित्रात जे मानवी जीवन उरले ते अशा रीतीने एका देवघेवीचे उरले, आणि त्या दोघांपैकी एकालाही आपण चित्रात उतरत आहो याची वार्ता नव्हती. यंत्राच्या उणिवेमुळे का होईना, त्या चित्रात रस्त्याचा धर्म पाळला गेला.

आमच्याकडे ही कला फार लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ प्रारंभीच्या त्या काळात कॅमेरा घेऊन उभे राहिले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. याच सोसायटीच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन याने पुढे मुंबईतील नाना जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ साली लंडन येथे प्रसिद्ध केले. हे खंड इतिहासाच्या अभ्यासकास मोलाचे आहेत, यात शंका नाही. परंतु ते सिद्ध कसे केले हे पाहण्यासारखे आहे. जॉन्सनने माणसांचे गट एके ठिकाणी बसवून त्यांचे फोटो घेतले, मग ती माणसे त्या फोटोतून उचलली आणि दुसरीकडे घेतलेल्या देखाव्यांवर आणून बसविली. मागे एखादी इमारत, एखादा घाट, एखादे देऊळ. पुढे पोशाखात नटलेला गट. माणसाने ज्या भूमीवर कधी पाऊल ठेवले नाही ती भूमी त्याच्या पायाखाली आली. पाहणारास वाटावे की हे मुंबईचे रस्ते. प्रत्यक्षात तो नमुन्यांचा संग्रह आहे. फुलपाखरू टाचणीने टोचून त्याच्याखाली नाव लिहावे, तशी येथे माणसे जातीच्या नावाखाली टोचलेली आहेत.

वाचक म्हणतील, ही दीडशे वर्षांपूर्वीची परकीय साहेबाची रीत. तिचा आजच्या राजोडीशी काय संबंध? आमचे म्हणणे असे की संबंध अगदी निकटचा आहे. आज कात्रीची गरज उरलेली नाही. भिंग पुरते उघडले की समोरचा चेहरा तेवढा रेखीव उमटतो आणि त्यामागचा सारा रस्ता विरघळून रंगाच्या डागांत जमा होतो. मोबाइलमध्ये तर ही सोय एका बोटावर आली आहे. आजीचे तांबडे लुगडे, तिचे दागिने, तिच्या सुरकुत्या स्पष्ट. आणि ती ज्या कुंपणाशी थांबली होती ते कुंपण, पलीकडची भाजीची वाडी, नव्याने उठलेली तीन मजली इमारत, तिच्यासाठी खोळंबलेली रिक्षा, हे सर्व धुक्यात. ही जॉन्सनचीच रीत होय. त्याने माणूस कापून दुसरीकडे चिकटविला. आम्ही माणसाच्या भोवतालचे जग पुसून टाकतो. दोहोंचा परिणाम एकच. जी स्त्री घरी परतत होती ती 'वसईची संस्कृती' या मथळ्याखालचा नमुना होऊन बसते. ती कोठून आली, कोठे चालली, तिच्या पिशवीत काय होते, हे विचारावयास चित्रात जागाच राहत नाही. म्हणून अशी शंभर चित्रे पाहिली तरी एकच पाहिल्यासारखे वाटते. कारण नमुना हा एकच असतो, माणसे मात्र शंभर असतात.

हा एक दोष झाला. दुसरा दोष याच्या उलट टोकाचा आहे, आणि तो जाणत्या मंडळींतही आढळतो. १९२५ साली लायका हा लहान कॅमेरा बाजारात आला आणि छायाचित्रकारास रस्त्यावर हिंडणे, वेळ पडल्यास पळणेही शक्य झाले. या कॅमेऱ्याचा सर्वांत विख्यात उपासक म्हणजे फ्रान्सचा आंरी कार्तिए-ब्रेसाँ. तो १९४७ साली हिंदुस्थानात आला होता, आणि ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या होण्यापूर्वी थोडाच वेळ त्यांना भेटला होता. त्याचे १९५२ सालचे पुस्तक इंग्रजीत 'निर्णायक क्षण' अशा अर्थाच्या नावाने गाजले. मूळ फ्रेंच नाव मात्र निराळे आहे. परवान्यावाचून रस्त्यावर माल मांडून बसलेला फेरीवाला, शिपाई दिसताच गाठोडे आवळून पळावयाच्या तयारीत असतो. त्याच्या त्या घाईच्या, चोरट्या विक्रीसाठी फ्रेंच भाषेत जो शब्दप्रयोग आहे तोच त्या नावात आहे. इंग्रजी नावाने जगास एक सिद्धांत दिला. फ्रेंच नावात रस्त्याची धूळ होती. दुर्दैवाने अनुकरण सिद्धांताचे झाले. 'क्षण' पकडावयाचा म्हणजे योगायोग पकडावयाचा, अशी समजूत रूढ झाली. जाहिरातीच्या फलकावरील सिंहाच्या जबड्याखाली नेमका एक लठ्ठ गृहस्थ येतो. भिंतीवर रंगविलेल्या पंखांपुढे एक हमाल उभा राहतो. आणि छायाचित्रकार कृतार्थ होतो.

अशा चित्रास मराठीत एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे कोटी. शब्दांवरील कोटी ऐकून हसू येते, हे आम्ही नाकारीत नाही. चांगली कोटी साधणे ही बुद्धीची करामतही आहे. परंतु कोटीत शब्दाचा अर्थ महत्त्वाचा नसतो, त्याचा ध्वनी तेवढा उपयोगाचा असतो. तद्वत् या चित्रांत माणसाचा आकार तेवढा उपयोगी पडतो. तो गृहस्थ कोण, तो का थांबला, त्या दुपारी उन्हाचा त्याला ताप होत होता की नाही, यांचे चित्रास काहीएक प्रयोजन नसते. त्याच्या जागी तितक्याच जाडीचा दुसरा कोणी चालला असता. आणि एकदा हसून झाले की ते चित्र पुन्हा पाहवत नाही, ज्याप्रमाणे ऐकलेली कोटी पुन्हा ऐकवत नाही. संग्रहालयातील नमुना आणि करमणुकीची कोटी हे दोन्ही दोष दिसावयास भिन्न, परंतु मूळ एकच: माणसाचा स्वतःचा हेतू काढून घेऊन छायाचित्रकाराने आपला हेतू त्याच्यावर लादणे.

येथे आपल्या साहित्यशास्त्रातील एका जुन्या वादाची आठवण होते. वस्तू जशी आहे तशी सांगणे, यास 'स्वभावोक्ती' म्हणतात. दंडीने अलंकारांच्या गणनेत तिला पहिले स्थान दिले. भामहाने, कोणी कोणी तिला अलंकार म्हणतात, असा सावध उल्लेख केला. कुंतकाने तर तिचे अलंकारत्वच नाकारले. त्याचा युक्तिवाद असा की, वस्तूचा स्वभाव हाच जर दागिना मानला, तर तो दागिना घालावयाचा कोणाच्या अंगावर? स्वभाव हे शरीर आहे, अलंकार नव्हे. काव्यापुरता हा वाद पंडितांनी सोडवावा. रस्त्याच्या छायाचित्राविषयी मात्र आम्ही कुंतकाच्या बाजूचे आहो. येथे माणसाचा स्वभाव, त्याची चाल, त्याचे काम, त्याचा कंटाळा, हेच चित्राचे शरीर आहे. प्रकाश, सावली, रेषांची मांडणी, रंग हे सर्व त्या शरीरावरचे अलंकार होत. अलंकार सुंदर असावेत. पण अलंकार दिसून शरीर दिसेनासे झाले, तर त्या शोभेचा काय उपयोग?

आतापर्यंत दोष सांगितले. आता गुणाचे उदाहरण देणे आम्हांवर बंधनकारक आहे. ते आम्ही वसई-विरारच्या वाचकांस अत्यंत परिचित अशा जागेवरून घेतो. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत जाणारी पहिली गाडी १८६७ साली सुटली. तेव्हापासून आजतागायत आमच्या तालुक्याचा अर्धा दिवस या मार्गावर जातो. वसईच्या वाड्यांतली भाजी आणि फुले याच मार्गाने मुंबईस गेली, आणि आमचे कारकून, शिक्षक व गिरण्यांचे कामगारही. या मार्गाचे शेवटचे स्थानक चर्चगेट. १९९५ या एकाच साली, या एकाच स्थानकात, दोन मोठ्या छायाचित्रकारांनी दोन चित्रे घेतली, आणि दोन्ही पुढे जगप्रसिद्ध झाली. एक ब्राझीलच्या सेबास्तियाँव साल्गादो यांचे, दुसरे आमच्या रघु राय यांचे. दोघांनीही कृष्णधवल चित्र काढले, आणि दोघांनीही शटर काहीसा अधिक वेळ उघडे ठेवले, त्यामुळे चालणारी गर्दी दोन्हींत अस्पष्ट उमटली आहे. जागा एक, साल एक, युक्तीही एक. तुलनेस याहून सोयीची सामग्री कोठे मिळणार?

साल्गादो उंचावर उभे आहेत. दोन्ही बाजूंस गाड्या, मध्ये फलाट, आणि फलाटावरून माणसांचा एक पांढुरका लोंढा वाहत आहे. चित्र भव्य आहे. महानगर माणसांस कसे ओढून घेते, हे त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते. ते ज्या ग्रंथात २००० साली आले तो ग्रंथ जगभरच्या स्थलांतरांविषयी आहे. तेथे संख्येचेच दर्शन घडवावयाचे होते, आणि ते येथे उत्तम घडले आहे. रघु राय खाली, माणसांच्या उंचीवर उभे आहेत. त्यांच्याही चित्रात लोंढा आहे; परंतु त्या लोंढ्यात वर्तमानपत्र वाचीत असलेली माणसे स्थिर आहेत, आणि म्हणून स्पष्ट उमटली आहेत. भोवती सारे स्थानक धावत असता हे लोक आपापला मजकूर वाचीत आहेत. त्यांची गाडी यावयाची आहे किंवा त्यांना घाई नाही. काही असो, ते कारण त्यांचे आहे. दागेरच्या चित्रातील पॉलिश करून घेणाऱ्या माणसाचे हे भाऊबंद होत. भेद इतकाच की १८३८ साली जे यंत्राच्या असमर्थतेने घडले ते १९९५ साली कलावंताने समजून-उमजून घडविले.

रस्त्याचे छायाचित्र या दृष्टीने आम्ही रघु राय यांच्या चित्रास वरचे स्थान देतो. साल्गादोंच्या चित्रात माणसांचे पाणी झाले आहे. रायांच्या चित्रात पाण्यातही माणसे आहेत. यावर कोणी आक्षेप घेईल की, रायांच्या चित्रातही बहुसंख्य माणसे पुसलीच गेली आहेत. मग थोड्या वेळापूर्वी पार्श्वभूमी पुसण्यास तुम्ही दोष का दिला? आक्षेप विचारार्ह आहे, पण त्याचे उत्तर आहे. राजोडीच्या रविवारच्या चित्रात जे धूसर होते ते छायाचित्रकाराच्या भिंगामुळे. कुंपण जागचे हलले नव्हते, त्याला धूसर केले गेले. चर्चगेटवरची माणसे धूसर झाली ती स्वतःच्या वेगामुळे. त्यांची घाई त्यांची स्वतःची होती, आणि तीच चित्रात उमटली आहे. तेथे धूसरपणा हा त्यांच्या चालण्याची खूण आहे. येथे तो पाहणाऱ्याच्या आवडीची. एकाने माणसाची गती जपली, दुसऱ्याने माणसाचे जग गाळले. ही दोन कृत्ये दिसावयास सारखी असली तरी त्यांचा न्याय एकच कसा होईल?

येथून पुढचा प्रश्न साहजिकच उद्भवतो. असे चित्र काढावयास छायाचित्रकार त्या रस्त्याचाच रहिवासी असला पाहिजे काय? कित्येकांचे मत तसे आहे. आम्हांस ते पटत नाही. सुनी तारापोरवाला यांनी आपल्याच शहराचे रस्ते सुमारे चाळीस वर्षे टिपले, आणि त्यांच्या चित्रांत घरच्या माणसाची सहजता आहे, हे खरे. परंतु रोजच्या सवयीने डोळ्यांवर झापडही येते. स्वतःच्या आळीत ज्याला काही पाहण्यासारखे दिसत नाही असा मनुष्य शोधावयास लांब जावे लागत नाही. प्रश्न रहिवासाचा नाही, थांबण्याचा आहे. सुधारक ओलवे यांचे उदाहरण घ्या. वृत्तपत्रात छायाचित्रकार म्हणून नोकरी करीत असता त्यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची चित्रे घेतली. हे काम एका फेरीत होण्याजोगे नव्हे. २०१६ साली त्यांस पद्मश्री मिळाली; परंतु आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की, ज्या कामगारांस पाहून रस्त्यावरचे लोक नाकाला रुमाल लावून तोंड फिरवीत, त्यांच्या कामाचे कष्ट आणि धोका त्या चित्रांत आहे. तेथे दयेची याचना नाही. काम करणारा मनुष्य काम करताना दिसतो. परका मनुष्य पुरेसा वेळ थांबला की रस्ता त्याला विसरतो, आणि रस्ता विसरला म्हणजेच तो आपल्या नित्याच्या चालीने चालू लागतो.

मग परवानगीचे काय? हा प्रश्न अवघड आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आधी विचारावे तर माणूस पदर सावरतो, ताठ उभा राहतो, आणि रस्ता संपून व्यक्तिचित्र सुरू होते. न विचारता घ्यावे तर एका अनोळखी माणसाची मुद्रा त्याच्या नकळत आपल्या पदरी पडते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तथापि, रस्त्यावरच्या प्रत्येक नजरेचा निवाडा कायद्याने व्हावा अशी अपेक्षा करता येत नाही. आम्हांस पुढील मर्यादा योग्य वाटतात. जे काम मनुष्य चारचौघांत उजळ माथ्याने करतो ते टिपण्यास हरकत नसावी. जे तो लपवू इच्छितो, परंतु गरिबीमुळे लपवू शकत नाही, ते टिपू नये. पदपथावर संसार थाटलेल्या बाईचा रस्ता हाच तिचे घर असतो. तिचे स्नान, तिची निद्रा, तिचे रडणे यांना घरातले नियम लागू आहेत, भिंत नाही एवढ्यावरून ते रद्द होत नाहीत. आणि घेतलेले चित्र त्या माणसास दाखवावयाची छायाचित्रकाराची तयारी असावी. ज्या चित्राकडे पाहून त्यातला माणूस "हो, मी तेव्हा चाललोच होतो" असे म्हणेल, ते चित्र बहुधा सचोटीचे असते.

रंगाविषयीही दोन शब्द लिहिणे जरूर आहे, कारण वसईकडील चित्रांचा सारा मोह त्या तांबड्या लुगड्यावर आहे. कृष्णधवल चित्र अधिक गंभीर, रंगीत चित्र उथळ, असा एक ग्रह बराच काळ होता. जयपूरचे रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी आपल्या कामाने तो खोडून काढला. भारतीय जीवनात रंग हा वरून लावलेला नसून आतूनच आलेला आहे, ही त्यांची भूमिका होती. आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मुंबईवरील पुस्तकात पाहणारास तिचे प्रत्यंतर मिळते. म्हणून दोष तांबड्या रंगाचा नव्हे. समजा, राजोडीच्या थांब्यावर बस येऊन उभी आहे. तांबडे लुगडे नेसलेली बाई एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हातातली टोपली वर देत आहे. आत बसलेला एक मुलगा मोबाइलवरून नजर न काढता ती टोपली घेत आहे. मागे भिंतीवर सदनिकांच्या विक्रीची जाहिरात आहे. आणि रस्त्याच्या कडेला एक शहरी जोडपे समुद्र कोठे आहे हे कोणाला तरी विचारीत आहे. या चित्रात लुगडे तांबडेच राहील, किंबहुना अधिक तांबडे दिसेल. परंतु आता ते बसमध्ये चढणाऱ्या एका बाईचे वस्त्र आहे. पाहणारा प्रथम रंगाने थांबेल, मग टोपलीकडे जाईल, मग त्या मुलाकडे. आणि वसईत आज काय चालले आहे हे त्यास कोणी न सांगता समजेल.

हे सर्व इतक्या आग्रहाने सांगावयाचे कारण केवळ कलेची आवड हे नव्हे. २००९ साली येथे महानगरपालिका आली, २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आणि या काळात जुन्या आळ्यांचे रूप झपाट्याने पालटले. विहिरींवरचे रहाट गेले, कित्येक बावखले बुजली, वाड्यांच्या जागी इमारती उठल्या. तांबडे लुगडे नेसणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांच्या मुली व सुना ते सणासमारंभापुरते नेसतात. पन्नास वर्षांनी या रस्त्यांविषयी कोणास काही जाणून घ्यावेसे वाटले, तर त्याच्या हाती काय येईल? जर आजचीच चित्रे तेवढी उरली, तर तो असे समजेल की, येथे सुरकुतलेल्या चेहऱ्यांच्या, दागिने ल्यालेल्या स्त्रिया धुक्यात उभ्या राहून हसत असत. त्या पहाटे उठून भाजीची टोपली घेऊन गाडी गाठीत, भावासाठी घासाघीस करीत, नातवंडांस रागे भरत, गुडघे दुखले म्हणजे कुंपणाशी थांबत, यांपैकी कशाचाही पत्ता त्याला लागणार नाही. ज्यांनी आयुष्यभर कष्ट केले त्यांची स्मृती केवळ शोभेची म्हणून उरावी, हा अन्याय आहे. आणि तो कोणा दुष्टाच्या हातून न होता, प्रेमाने आणि हौसेने छायाचित्र काढणाऱ्यांच्या हातून होत आहे, म्हणून त्याविषयी बोलणे अधिक जरूर आहे.

यावर उपायही आमच्या घरांतूनच निघेल. आपल्या सुशिक्षित कुटुंबांतील छायाचित्रांचे संग्रह पाहावे, तर त्यांत लग्ने आहेत, मुंजी व बाप्तिस्मे आहेत, सहली आहेत. परंतु ज्या रस्त्याने त्या घरातली माणसे तीस वर्षे रोज गेली त्या रस्त्याचे एकही चित्र बहुधा नसते. ज्या तरुण-तरुणींच्या हाती आज मोबाइल आहे त्यांनी महिन्यातून एकदा, सकाळच्या गाडीच्या वेळी, आपल्याच आळीच्या तोंडाशी अर्धा तास उभे राहावे. कोणास थांबवू नये, कोणास हसावयास सांगू नये, मागचे काही पुसू नये. जे चित्र निघेल त्याखाली तारीख आणि जागा लिहून ठेवावी. त्यांतील बहुतेक चित्रे सामान्य निघतील. त्याची चिंता नको. एखाद्या चित्रात, आपल्याच कामाच्या तंद्रीत, कोणाकडे न पाहता एखादी बाई झपाझप चाललेली सापडेल. ती कोठे चालली आहे, असे ते पाहणाऱ्यास पन्नास वर्षांनीही विचारावेसे वाटले, तर ते छायाचित्र चांगले आहे असे खुशाल समजावे.